लाल रेघेखालची नोंद

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट वर्षं पूर्ण, इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त, राहणार गल्लीतलं शेवटचं बैठं घर, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, त्याचाही दाखला आहे. मला कुणी धाक दाखवलेला नाही की गोड बोलून काही लिहून घेतलेलं नाही. गोड बोलायला म्हणून गेल्या काही वर्षांत इकडे कुणी फिरकलेलंच नाही. पूर्वी मृत्युपत्र केलेलं नसल्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

वकीलबाईंनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात पत्नी, मुलगे, मुली, सुना, नातवंडं अशा रिकाम्या जागा होत्या. प्रत्येकीपुढे रेघ मारता मारता अर्धं पान भरलं, तेव्हा मी तो परत नेऊन दिला आणि विचारलं, माझ्या शब्दांत लिहिलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, "चालेल की काका. फक्त दोन गोष्टी सांभाळा. साक्षीदार दोन हवेत, आणि दोघांनी तुम्हाला सही करताना बघायला हवं. आणि ज्याला यातून काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नका. त्याने सही केली तर सही टिकते, पण त्याचं मिळायचं ते जातं." मी मान डोलावून घरी आलो. या दुसऱ्या गोष्टीने मला किती घोळात घातलं ते पुढे येईल.

कलम १. राहतं घर, मागच्या अंगणासह, माझ्या दिवंगत ताईच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावं. ती दूरच्या शहरात असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन येतो. "मामा, बरा आहेस ना?" मी म्हणतो, बरा आहे. "तुझी ती नळी काय म्हणते?" नळी म्हणजे माझी दुर्बीण. मी म्हणतो, चाललंय. मग ती म्हणते, काळजी घे. चार मिनिटांच्या आत आमचं बोलणं आटोपतं. मी तक्रार करत नाही. म्हणजे करतो, पण तिच्यावर राग धरून नाही. झडपेचं मी तिला सांगितलेलं नाही, हे वाचून ती चिडेल. बाळा, सांगायचं दर रविवारी ठरवत होतो, आणि तू काळजी घे म्हणालीस की ते राहून जात होतं. घर तू विकशीलच, खुशाल वीक. मात्र अंगणाच्या मध्यभागी दुर्बीण बसवायचा सिमेंटचा कमरेएवढा खांब आहे, तो जमिनीत तितकाच खोल गेलेला आहे. उखडायला दोन माणसं आणि एक दिवस लागेल. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे त्या दिवशी माझ्या नावाने बोटं मोडायला नकोत.

माझ्या वडिलांचं मनगटी घड्याळही तिलाच. ते टेबलाच्या खणात आहे आणि सात वर्षं बंद आहे. किल्ली फिरते, काटे हलत नाहीत. गावात दुरुस्त करणारे आणखी दोघे आहेत, पण मी ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवीतून आधी माझ्या शेवटच्या व्यवस्थेचा खर्च भागवावा. उरेल त्यातून एक्स-रे विभागाबाहेरच्या बोळात पाठ टेकता येईल अशी बाकं घ्यावीत. एकतीस वर्षं मी त्या बोळातून माणसं आत घेतली. हात मोडलेली, बरगडी दुखावलेली माणसं भिंतीला खांदा लावून उभी असायची. मी दर वर्षी अर्ज करायचो आणि दर वर्षी उत्तर यायचं की विषय विचाराधीन आहे. आता त्यांनी विचार करू नये, बाकं घ्यावीत.

कलम ३. आईचं शिवणयंत्र शेजारच्या वहिनींना द्यावं. आमची भिंत सामाईक आहे. दुर्बीण लावली की मी भिंतीवर दोनदा ठोठावायचो आणि त्या त्यांच्या मागच्या पडवीतला दिवा घालवायच्या. का, कशाला, अजून किती वेळ, असं बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. एकदा मला ताप भरला आणि चार दिवस मी अंगणात गेलो नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी पलीकडूनच दोनदा ठोठावल्याचा आवाज आला. मी उठून उत्तरादाखल दोनदा ठोठावलं. थोड्या वेळाने कुंपणावरून पेजेचं भांडं आलं. "भाऊजी, भांडं सावकाश द्या," एवढंच त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात माझ्याशी कुणी बोललेलं ते तेवढंच वाक्य.

कलम ४. माझी हातकरवत, दात्यांना नुकतीच धार लावून घेतलेली, मागच्या बंगल्यातल्या निवृत्त बँकवाल्या साहेबांना द्यावी. त्यांच्या निलगिरीने माझं दक्षिणेचं आकाश खाल्लं आहे. शनी तिच्यामागे गेला की दीड तास बाहेर येत नाही, आणि येतो तेव्हा इतका खाली उतरलेला असतो की तापलेल्या पत्र्यांवरची हवा त्याला थरथरवत ठेवते. मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, झाड पाडू नका, फक्त एक फांदी उतरवा. ते म्हणाले, "अहो, झाड काय तुमच्या शनीला धरून ठेवतंय का? येईल की पलीकडून." हे वाक्य मी नऊ वर्षं मनात ठेवलं आहे. वर घेऊन जायची इच्छा नाही, म्हणून करवतीसोबत त्यांना परत करतो.

कलम ५. ग्रहांचे फोटो. स्वयंपाकघरातला चौकटीतला शनी वहिनींना हवा असल्यास त्यांनी घ्यावा, बाकीचे भाचीने ठेवावेत किंवा टाकावेत. टाकण्यापूर्वी एकदा बघावेत एवढी विनंती. ते कसे काढतात हे तिने कधी विचारलं नाही, तेव्हा इथे लिहून ठेवतो. पुढच्या कलमातही त्याचं काम आहे.

ग्रहाचा एकच फोटो काढून भागत नाही. मधली हवा सतत हलत असते, आणि तिच्यातून ग्रह पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा डुगडुगतो. रुग्णाला मी म्हणायचो, श्वास रोखा, हलू नका, झालं, सोडा. हवेला तसं म्हणता येत नाही. म्हणून दुर्बिणीला कॅमेरा लावून दोन मिनिटांचं चित्रीकरण करायचं. त्यात हजारो चित्रं येतात. संगणक त्यांतली हवा निवांत असतानाची स्थिर चित्रं निवडतो, एकावर एक रचतो आणि त्या सगळ्यांचं मिळून एक चित्र बनवतो. जे सगळ्या चित्रांत आहे ते ठळक होतं. जे दोन-चार चित्रांतच आहे ते पुसलं जातं, मग ती धूळ असो की दुसरं काही.

कलम ६. दुर्बीण, तिचा आठ इंची आरसा, तिला फिरवणारं यंत्र, कॅमेरा, सगळी भिंगं, नोंदवही, आणि टेबलाच्या खणातली जुनी डिस्क, हे सर्व घड्याळवाल्याला द्यावं. औषधाच्या दुकानासमोर त्याचं दुकान आहे. तिथे फक्त पट्टे आणि सेल बदलून मिळतात. ते तसं का झालं हे मला या कलमात कबूल करायचं आहे.

आरसा आम्ही दोघांनी घासला. तेलाच्या पिंपावर काच ठेवून, तिच्यावर दुसरी काच सरकवत पिंपाभोवती गोल फिरायचं. सात महिने रोज संध्याकाळी एक तास तो, एक तास मी. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह नजरेतून सरकतो, त्याच्या मागोमाग दुर्बीण हळूच वळवणारं यंत्र त्याने एका मोडीत निघालेल्या मोठ्या भिंतीघड्याळाच्या चाकांपासून बनवलं. ते यंत्र आजही एका कणाने चुकत नाही. तो आला नाही त्या सात वर्षांत माझी प्रत्येक संध्याकाळ त्याच्याच चाकांवर चालली, हे मला दर संध्याकाळी कळत होतं.

आमची कामं वाटलेली होती. कॅमेरा आणि संगणक माझ्याकडे, वेळ आणि नोंदवही त्याच्याकडे. वेळ तो सेकंदापर्यंत लिहायचा. मी चिडवायचो, "अरे, गुरू ग्रह आहे, गाडी नाही." तो म्हणायचा, "एक्सरे, तू चित्र सांभाळ." मला तो नावाने कधी हाक मारायचा नाही.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, दिवेलागणीनंतर, गुरूचं चित्रीकरण चालू होतं. मी वाकून खांबाचा स्क्रू आवळत होतो, पडद्यासमोर तो होता. तो म्हणाला, "चमकलं." मी विचारलं, काय? "गुरूवर. वरच्या पट्ट्याच्या कडेला. पांढरं झालं आणि गेलं." आणि त्याने लगेच वहीत लिहिलं: आठ वाजून बारा मिनिटं चाळीस सेकंद, एक-दीड सेकंद टिकलं. गुरूवर बाहेरून धोंडा येऊन आदळला तर असा उजेड होतो. तो आयुष्यात एकदा दिसला तरी खूप झालं, आणि तो मी चुकवला होता. आधी माझ्या मनात तेवढंच आलं.

मी संगणकाला चित्र रचायला लावलं. चित्र स्वच्छ आलं, त्यात काही नव्हतं. ते तसंच येणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. सगळ्या जगाला समजावून सांगणारा मी, त्या क्षणी तेवढं विसरलो. एकतीस वर्षं डॉक्टर माझ्याकडे फिल्म घेऊन यायचे आणि विचारायचे, हा ठिपका फुप्फुसातला की फिल्मच्या कॅसेटवरच्या धुळीचा? मी सांगायचो आणि ते मानायचे. त्याच आवाजात मी म्हणालो, "धूळ आहे."

"धूळ लुकलुकत नाही. मूळ चित्रीकरण लाव."

"जागा करायला पुसलं. आणि बघायचंय काय त्यात? चित्र समोर आहे. तुझे डोळे गेलेत आता, बारीक कामं सोडून दे. कुणाचं तरी चांगलं घड्याळ बिघडवशील." एवढ्यावर थांबलो नाही. त्याच्या हातातून वही घेऊन त्या नोंदीवर लाल रेघ मारली आणि पुढे लिहिलं: धूळ.

त्याने टोपी घातली आणि तो गेला. त्यानंतर तो आला नाही. पंधरा दिवसांनी औषधवाल्याकडून कळलं की घड्याळवाल्याने हत्यारांचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला आणि दारावर पट्टे आणि सेलचा बोर्ड लावला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुरुवातीचा मोतीबिंदू सांगितला होता, चिंता नको म्हणाले होते. त्याने त्यांचं मानलं नाही. माझं मानलं.

पुढे अकरा महिन्यांनी मी संगणक बदलला. जुनं सामान आवरताना एक डिस्क सापडली. पुसण्याआधी संगणक सगळ्याची एक प्रत आपोआप तिच्यावर उतरवून ठेवत असे, ती सोय मीच कधीतरी लावून विसरलो होतो. त्या संध्याकाळचं चित्रीकरण तिच्यात होतं. आठ वाजून बारा मिनिटं चाळीस सेकंद. वरच्या पट्ट्याच्या कडेला. पांढरं झालं आणि गेलं.

त्याच संध्याकाळी मी चपला घालून चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. उद्या जाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी, काल का नाही आलास, याचंही उत्तर द्यावं लागणार होतं. आठवड्याने आठवड्याचं द्यावं लागलं असतं. पुढे पुढे मी रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागलो, आणि औषधं आणायची तर ती वहिनींकडे चिठ्ठी देऊन. सहा वर्षं मी एका माणसाला, तुझे डोळे धड आहेत, एवढं सांगितलं नाही. मला लाज वाटते. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

मित्रा, डिस्क लाव. तुला दिसलं ते खरं होतं. हे तुला माझ्यामागे कळणार, कारण समोरासमोर सांगायची हिंमत माझ्यात नाही.

कलम ७. साक्षीदार. वहिनी सही करणार नाहीत, त्यांना शिवणयंत्र आहे. बँकवाल्या साहेबांना करवत आहे, म्हणजे तेही बाद. भाची आणि घड्याळवाला अर्थातच बाद. यादी करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ज्यांना काही द्यावंसं किंवा ऐकवावंसं वाटलं, त्यांच्यापलीकडे मी कुणाला ओळखतच नाही. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला दोन परकी माणसं मिळू नयेत. औषधवाल्याला मुद्दाम काही ठेवलेलं नाही, ते केवळ सहीसाठी. त्याने गैरसमज करून घेऊ नये. फोन केला तेव्हा तो येतो म्हणाला, आणि वर म्हणाला, "दुसऱ्या माणसाची काळजी करू नका काका, मी घेऊन येतो कुणाला तरी." मी बरं म्हटलं.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती, त्याच कागदावर, त्याच हाताने.

आज संध्याकाळी औषधवाला आला, आणि त्याच्यामागे दारात घड्याळवाला उभा होता. आमच्यात काय झालं ते औषधवाल्याला ठाऊक नाही. समोरचं दुकान म्हणून तो सहज घेऊन आला.

"सही हवी आहे म्हणे," घड्याळवाला म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, टेबलाकडे बघून. "कुठे करायची?"

औषधवाला म्हणाला, "लवकर आटपा हं, दुकान उघडं टाकून आलोय."

साक्षीदाराला मजकूर वाचायची गरज नसते. मी कागद दुमडून फक्त शेवटची जागा दाखवली असती तर त्याने सही केली असती, दुर्बीण त्याच्या हातून गेली असती, आणि सहावं कलम पुढे कुणीतरी त्याला वाचून दाखवलं असतं, मी नसताना. पेन त्याच्या हातात दिलेलं होतं. मी म्हणालो, "आधी वाच." आणि सहावं कलम त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने कागद लांब धरून वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. आणि मागच्या दाराने अंगणात गेला. औषधवाला मला म्हणाला, "काय झालं यांना?" मी म्हणालो, बस थोडा वेळ. अंगणात तो खांबापाशी उभा होता, यंत्राच्या चाकांवर हात ठेवून. मी गेलो नाही. बऱ्याच वेळाने तो आत आला.

"सात वर्षं मी पट्टे बदलतोय," तो म्हणाला.

मी हो म्हणालो.

"सात वर्षं. कुणी चांगलं घड्याळ घेऊन आलं तर माझे हात थरथरायचे. डोळे नव्हे, हात. लाव ती डिस्क."

मी लावली. आम्ही तिघे पडद्यासमोर उभे राहिलो. ते चमकलं आणि गेलं. औषधवाला म्हणाला, "एवढंच?" घड्याळवाल्याने पुन्हा लावायला सांगितलं. असं पाच वेळा झालं. पाचव्या खेपेला त्याने मनगटावरचं घड्याळ कानाशी धरून टिकटिक मोजली आणि म्हणाला, "एक पूर्णांक चार. मी एक-दीड लिहिलं होतं."

"बरोबर लिहिलं होतंस."

"वही आण." मी वही आणली. त्याने ते पान काढून माझ्यासमोर ठेवलं. लाल रेघेखालची नोंद अजून वाचता येत होती. मी 'धूळ' हा शब्द खोडला, 'नोंद बरोबर आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली. सही वाचण्याजोगी आहे.

मग त्याने मृत्युपत्र पुढे ओढलं. मी म्हणालो, "थांब. वकीलबाईंनी सांगितलंय, तू साक्षीदार झालास तर दुर्बीण तुला मिळत नाही. आम्ही दुसरा माणूस बघू."

"माफ केलंय असं समजू नकोस," तो म्हणाला. "ते मला अजून ठरवायचंय. पण तुझ्यामागे दुर्बीण घेऊन मी एकटा काय बघू? 'चमकलं' म्हणायचं तरी कुणाला?"

मला रडू आलं. ते दोघांनी पाहिलं आहे, तेव्हा नोंदवून ठेवायला हरकत नाही.

सबब कलम ६ मधलं दान रद्द. दुर्बीण आणि त्यासोबतचं सर्व सामान भाचीला द्यावं. बाळा, ते विकू नकोस, एवढी विनंती. घर विकेपर्यंत त्याला हवं तेव्हा अंगणाच्या फाटकाची किल्ली दे. कबुलीचा मजकूर मात्र रद्द समजू नये, तो तसाच ठेवावा. कलम १ मधलं मनगटी घड्याळ सध्या खणात नाही. घड्याळवाल्याने ते कानाला लावून हलवलं, "बघतो उघडून, हत्यारं माळ्यावरून काढावी लागतील," असं म्हणून खिशात टाकलं आहे. चालू झाल्यावर ते भाचीचं. तिला झडपेचं मी रविवारची वाट न बघता उद्या फोन करून सांगणार आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

ठिकाण: स्वयंपाकघर. दिनांक: ११ जानेवारी.

सही: मृत्युपत्र करणारा, निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ

साक्षीदार पहिला: औषधवाला. माझ्यासमोर सही झाली. (मला काही मिळत नाही हे वाचलं. गैरसमज नाही.)

साक्षीदार दुसरा: घड्याळवाला. मृत्युपत्र करणाऱ्याने सही केली, वेळ सहा वाजून एक्कावन्न मिनिटं आठ सेकंद. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.